ओमदुर्मानची सुइणींची शाळा

नाईल नदीच्या दोन शाखांचा संगम जेथें होतो, तेथें खार्टूमच्या समोर ओमदुर्मान हें शहर वसलेलें आहे. या शहरांत १९२१ सालीं मेबल वुल्फ नांवाच्या इंग्रज सुइणीनें सुइणींची शाळा उघडली; पुढें तिची बहीण गर्ट्रूड तिच्या मदतीस आली. बाळंतपण करणाऱ्या स्त्रीस तिकडे ‘दाया’ म्हणतात. आपल्या ‘दाई’ची हटकून आठवण करून देणारा हा शब्द आहे.

शाळेंत येणाऱ्या बहुतेक दायांना अक्षरओळख नव्हती. म्हणून औषधें रंगावरून, वासावरून व चवीवरून ओळखण्यास त्यांना शिकवीत, आणि व्याख्यानें बायकांच्या रोजच्या अरबी बोलींत होत. ही रीत खरोखर वाखाणण्यासारखी होती. परंतु प्रसूतीखेरीज आणखी एक काम परंपरेनें दायांकडे असे. उत्तर सुदानांत लहान मुलींच्या जननेंद्रियाचा बाह्य भाग कापून, उरलेल्या कडा जुळवून केवळ एक अरुंद छिद्र ठेवण्याची चाल होती. तिला ‘फिरऔनी’ सुंता म्हणत. प्रसूतीच्या वेळीं तो व्रण कापावा लागे व नंतर पुन्हा शिवला जाई. अर्थात् प्रसूतिशास्त्र शिकवावयाचें, तर या चालीस डावलून जातांच येत नसे.

मेबल वुल्फनें मधला मार्ग पत्करला. चाल मोडावयास निघाल्यास स्त्रिया शाळेकडे पाठ फिरवितील, अशी तिला भीति वाटे. तेव्हां स्वच्छ हत्यारें, जंतुनाशक औषधें आणि त्यांतल्या त्यांत सौम्य छेद, एवढेंच दायांना शिकविण्यांत आलें. हेतु दयेचा होता, हें कबूल केलें पाहिजे; पण लोकांनीं त्याचा अर्थ काय घ्यावा? सरकारी शाळेंत शिकलेली, हातांत औषधांची पेटी घेऊन येणारी दाया जें करते, तें वाईट कसें असेल?

१९४६ सालीं कायद्यानें फिरऔनी प्रकारास बंदी केली. सौम्य प्रकार मात्र मोकळा राहिला. त्याच वर्षीं रुफाआ गांवीं एका स्त्रीस अटक होतांच महमूद मुहंमद ताहा यांच्या नेतृत्वाखालीं लोक खवळून उठले. परक्या सरकारनें घरांतील बाबींत हात घालावा, हा त्यांतील खरा राग. पुढें डॉक्टर अस्मा अल्-दरीर या सुदानी विदुषीनें तीन हजारांवर स्त्रियांची विचारपूस करून १९८२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. शेकडा ८० हून अधिक स्त्रियांवर फिरऔनी प्रकारच झालेला आढळला! कायदा तर कधींच झाला होता.

तत्पूर्वीं, १९७९ सालीं, खार्टूम येथें जागतिक आरोग्य संघटनेची परिषद भरली. हें काम रुग्णालयांत, स्वच्छतेनें करावें, अशी सूचना तेथें पुढें आली. परिषदेनें ती साफ नाकारली. मेबल वुल्फच्या मधल्या मार्गाला याच भूमींत मिळालेलें हें उत्तर होय. त्या संघटनेनें २०१८ सालीं काढलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत डॉक्टर व सुइणी यांनीं असा व्रण कसा ओळखावा, प्रसूतीपूर्वीं तो कसा उघडावा, आणि पुन्हा कां शिवूं नये, हें सांगितलें आहे.

सुदानांत २०२० सालीं झालेल्या कायद्यानें या कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरविली. तें रुग्णालयांत झालें, दवाखान्यांत झालें कीं अन्यत्र झालें, असा भेद त्या कायद्यांत ठेवलेला नाहीं.