श्वास मोजण्याचा अधिकार

आज आपण इतिहास बघणार आहोत, पण राजेरजवाड्यांचा नव्हे, रोग ओळखण्याचा. आणि तो बघायचा आहे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत उभं राहून. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर ठाणे जिल्ह्याचा डोंगराळ आदिवासी भाग म्हणजे मुख्यतः हेच दोन तालुके. एकीकडे कसाऱ्याचा घाट, दुसरीकडे माळशेज. भातसा आणि तानसा धरणांचं पाणी इथून मुंबईला जातं. पण पावसाळ्यात याच भागातल्या काही पाड्यांवरून आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. अशा पाड्यावर रात्री मूल धापा टाकायला लागलं, तर 'याला काय झालंय' हे ठरवायचं कुणी? आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे.

आता जरा मागे जाऊ. आयुर्वेदात परीक्षेचे तीन मार्ग सांगितले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. बघा, हात लावा, विचारा. युरोपात याला पुढे दोन गोष्टी जोडल्या गेल्या. औएनब्रुगर नावाचा ऑस्ट्रियन वैद्य, खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली हे बाहेरून ठोकून कळतं, मग छातीत पाणी साचलंय की नाही हेही कळेल, असं त्यानं म्हटलं आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकनं कागदाची गुंडाळी छातीला लावली, आणि स्टेथोस्कोप जन्माला आला.

इथे एक गंमत झाली. डोळे आणि हात सगळ्यांनाच असतात. पण ठोकून ऐकणं, नळीतून ऐकणं, याला शिक्षण लागतं. ज्ञान वाढलं, तसं ते काही लोकांच्या हाती एकवटलं. रोगाचं नाव घेणं हा डॉक्टरचा अधिकार झाला. परिचारिकेच्या वाट्याला काय आलं? निरीक्षण. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ च्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर वेगळं प्रकरणच लिहिलं. म्हणजे नर्सनं बघायचं, नोंदवायचं, कळवायचं. निष्कर्ष मात्र काढायचा नाही. आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांना हे फार विचित्र वाटतं. धूर बघायची परवानगी आहे, पण 'तिथे अग्नी आहे' म्हणायची नाही!

ही भिंत हलली ती दूरच्या, गरीब मुलखांमुळे. १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी नर्सेसना मुलं तपासायला आणि नेहमीचे आजार ओळखायला शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका इथे फ्रँक शान आणि सहकाऱ्यांनी खोकणारी मुलं तपासली आणि १९८४ साली लिहिलं की नुसता श्वास मोजूनही कोणत्या मुलाला औषध द्यायचं ते ठरवता येतं. एक्स-रे नको, नळी नको. आज जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा आहे: दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजायचे.

महाराष्ट्रात हे काम गडचिरोलीत झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या द्यायला शिकवलं. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि एक मिनिटाची वाळूची घटिका असलेलं साधन केलं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: न्यूमोनियाचे मृत्यू घटले होते. १९९९ साली नवजात बाळांच्या घरोघरी सेवेचा अहवाल आला. नवजातांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता.

आता कुणी म्हणेल, सर, जलद श्वास दम्यातही असतो, तापातही असतो. बरोबर आहे. न्यायदर्शनात लक्षणाचे दोष सांगितले आहेत. जे नको ते आत येणं ही अतिव्याप्ती, आणि जे हवं ते बाहेर राहणं ही अव्याप्ती. वर्गात आम्ही दोन्ही दोष सारखेच मानून शिकवतो. पण पाड्यावर ते सारखे नाहीत. अतिव्याप्ती झाली तर एखादं मूल औषध उगाच घेईल. त्याचीही किंमत आहे, जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे विसरू नका. पण अव्याप्ती झाली तर मूल जाईल. म्हणून हा नियम जाणूनबुजून थोडा सैल ठेवला आहे. तर्काच्या तराजूत इथे जीव टाकलेला आहे.

अशी साधी चिन्हं आणखीही आहेत. खालची पापणी ओढून बघितली तर रक्त कमी असल्याचं दिसतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती हळूहळू बसली, तर शरीरातलं पाणी आटलेलं आहे. दोन्ही पावलं अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा राहिला, तर कुपोषणाची सूज असू शकते. आणि भातशेतीच्या मुलखात मण्यार: जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. ती पापणी ज्या नर्सनं ओळखली, तिनं पुढचे काही तास वाचवले.

मग कायदा कुठे आहे? २०१४ साली केंद्र सरकारनं एएनएमना ठरावीक परिस्थितीत, म्हणजे जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळाला रुग्णालयात हलवणं शक्य नसेल किंवा घरचे नेत नसतील तेव्हा, जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्याची मुभा दिली. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यांत प्रशिक्षित परिचारिकाही आहेत. आदिवासी भागात अशा एका उपकेंद्राचं प्रमाण तीन हजार लोकसंख्येला एक असं ठरलेलं आहे.

पण मित्रहो, नुसतं 'ओळख' म्हणून भागत नाही. धूर दिसला, अग्नी कळला, आणि हातात पाण्याची बादलीच नसली तर ते ज्ञान नुसतं ओझं होतं. परिचारिकेला निदानाचा अधिकार द्यायचा, तर त्यासोबत कपाटात औषध, दारात गाडी आणि फोनच्या पलीकडे उत्तर देणारा डॉक्टर हेही द्यावं लागेल. नाहीतर आपण तिला अधिकार दिला नाही, फक्त दोष तिच्या माथी मारायची सोय केली. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या उपकेंद्रात गेलात, तर भिंतीवर सेकंदकाटा चालणारं घड्याळ आहे का ते आधी बघा, आणि मग औषधाचं कपाट उघडायला सांगा. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आहेत का, एवढं बघितलंत तरी पुरे.