स्टॉकपोर्टचा स्ट्रॉबेरी स्टुडिओ आणि सहा मिनिटांचे एक प्रेमगीत

इंग्लंडमधील ‘टेनसीसी’ या चौघांच्या वाद्यवृंदाचे ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ हे गीत मे १९७५ मध्ये स्वतंत्र तबकडीच्या रूपाने बाजारात आले आणि पुढच्याच महिन्यात ते ब्रिटनमधील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पॉप संगीताच्या इतिहासात या गीताचा उल्लेख बहुधा त्याच्या चालीसाठी आणि लोकप्रियतेसाठी होतो. परंतु ज्या ध्वनिमुद्रणगृहात ते घडले त्या जागेचा आणि तिथल्या कामाच्या रीतीचा विचार केल्याशिवाय त्याचे महत्त्व पुरते उमगत नाही. कलावंतांच्या हाती स्वतःचे ध्वनिमुद्रणगृह आणि त्यातला वेळ असला, म्हणजे गीताच्या घडणीत काय शक्य होते, याचे हे एक अव्वल उदाहरण आहे.

संथ लयीतल्या, भावनाप्रधान आणि बहुधा प्रेमविषयक लोकप्रिय गीताला पॉप बॅलड म्हणतात, आणि दर्शनी बाजूला मुख्य गीत व मागे दुसरे एखादे गीत असलेल्या छोट्या तबकडीला ‘सिंगल’ म्हणतात. अमेरिकेतील आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी आणली, तेव्हापासून सिंगलचे हे रूप रूढ झाले. मात्र गीताची लांबी तीन मिनिटांच्या आसपास ठेवण्याचा दंडक त्याहून जुना असून तो ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीने घालून दिला होता. मराठी भावगीतालाही आपला विस्तार याच मर्यादेत बसवावा लागला होता. तबकडीची क्षमता वाढल्यावरही नभोवाणी केंद्रांनी ही लांबी सोयीची म्हणून कायम ठेवली, आणि सहा मिनिटांचे बॅलड सिंगल म्हणून काढणे त्यामुळेच धाडसाचे ठरत होते.

मँचेस्टरजवळचे स्टॉकपोर्ट हे एकेकाळी टोप्यांच्या उत्पादनासाठी नावाजलेले औद्योगिक गाव. १९६० च्या दशकात ब्रिटिश ध्वनिमुद्रणाचा कारभार जवळजवळ सर्वस्वी लंडनमध्ये एकवटलेला होता आणि उत्तरेतल्या कलावंतांना मुद्रणासाठी राजधानी गाठावी लागे. ‘माइंडबेंडर्स’ या वाद्यवृंदातील एरिक स्टुअर्ट यांनी पीटर टॅटरसॉल यांच्यासह १९६८ पासून स्टॉकपोर्टमध्ये ध्वनिमुद्रणगृह उभारायला घेतले आणि बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गीतावरून त्याला ‘स्ट्रॉबेरी’ हे नाव दिले. यार्डबर्ड्स आणि हॉलीज यांच्यासाठी गाजलेली गीते लिहिणारे ग्रॅहम गोल्डमन या उपक्रमात भागीदार झाले. केव्हिन गॉडली व लॉल क्रीम यांच्यासह या मंडळींनी आधी इतरांसाठी साथसंगत केली आणि १९७२ मध्ये त्यातूनच ‘टेनसीसी’ हा वाद्यवृंद आकाराला आला. ध्वनिमुद्रणगृह भाड्याने घेणाऱ्या कलावंताला प्रत्येक तासाचा हिशेब द्यावा लागतो, तर या चौघांना फसलेला प्रयोग टाकून देऊन नव्याने आरंभ करण्याची मुभा होती.

प्रस्तुत गीताला या मुभेची गरज लवकरच पडली. स्टुअर्ट आणि गोल्डमन यांनी ते रचले तेव्हा त्याला बोसा नोव्हा या ब्राझीलच्या लयप्रकाराचा साज चढवला होता. तो सहकाऱ्यांना रुचला नाही, म्हणून ते मुद्रण बाजूला सारून पुसून टाकण्यात आले. स्टुडिओतील कर्मचारी मात्र ती चाल गुणगुणत राहिले आणि त्यामुळे गीताचा पुन्हा विचार झाला. वाद्यांना गौण ठेवून गीत मानवी आवाजांवर उभारावे, ही सूचना गॉडलींनी केली आणि त्यासाठी ध्वनिफितीची वेटोळी वापरण्याचा मार्ग क्रीम यांनी सुचवला. वेटोळे म्हणजे दोन्ही टोके जोडलेली फीत. ती यंत्रातून अखंड फिरत राहते आणि तिच्यावरचा स्वर कधीच संपत नाही. मेलोट्रॉन या १९६० च्या दशकातील वाद्यातही प्रत्येक पट्टीखाली मुद्रित फीत असे, परंतु ती सुमारे आठ सेकंदांत संपत असे. वेटोळ्याने ही अडचण दूर केली.

गोल्डमन, गॉडली आणि क्रीम यांनी ‘आ’कारातला एकेक स्वर सोळा वेळा गायला, म्हणजे प्रत्येक स्वरामागे ४८ आवाज जमले. सप्तकातील शुद्ध-विकृत असे सर्व बारा स्वर आणि वरचा षड्ज मिळून तेरा स्वरांसाठी हीच कृती झाली, तेव्हा आवाजांची एकूण संख्या ६२४ भरली; या कामात सुमारे तीन आठवडे गेले. त्यानंतर ही तेरा वेटोळी सोळा मार्गांच्या, म्हणजे सोळा स्वतंत्र ध्वनी शेजारीशेजारी नोंदवू शकणाऱ्या, फितीवर उतरवण्यात आली. आता ध्वनिमिश्रणाचा फलकच वाद्य बनला, कारण त्यावरील प्रत्येक सरकपट्टीच्या ताब्यात एक स्वर होता आणि चौघांनी मिळून त्या पट्ट्या वरखाली करत गीताच्या स्वरसंगतींनुसार हा वृंदगानाचा पडदा विणला. पट्टी पूर्ण बंद होऊ नये म्हणून खालच्या टोकाशी चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे तेराही स्वर अत्यंत मंद रूपात सतत वाजत राहिले आणि तंबोऱ्यासारखा एक अखंड आधार गीताला लाभला. त्याखेरीज वाद्ये मोजकीच होती: स्टुअर्ट यांचा विद्युत पियानो, गोल्डमन यांची गिटार आणि मूग सिंथेसायझरवर निर्माण केलेला ढोलाचा ठोका. मधल्या भागात ऐकू येणारी स्त्रीच्या आवाजातील कुजबुज स्टुडिओच्या एका कर्मचारी महिलेची आहे. दूरध्वनीचा निरोप द्यायला ती हलक्या आवाजात आत बोलली, तेव्हा याच आवाजाची आपल्याला गरज आहे हे क्रीम यांच्या ध्यानात आले.

गीताचे शब्द आणि ही घडण यांचे नाते घट्ट आहे. गीताचा नायक प्रेम नाकारत राहतो आणि ज्या खुणांनी नाकारतो त्याच खुणा त्याचे प्रेम उघड करतात. त्याचा एकटा, संयमित स्वर नकार देत असताना भोवतीचा शेकडो आवाजांचा ओघ त्या नकाराला खोटे पाडतो. म्हणूनच ही तंत्रयोजना गीताच्या अर्थाचाच भाग ठरते.

‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ या मार्च १९७५ मधील संग्रहात हे गीत होते, तरी त्यातून पहिले सिंगल म्हणून दुसरेच गीत निवडण्यात आले. मे महिन्यात याची पाळी आली. नभोवाणीच्या सोयीसाठी छोटी आवृत्तीही तयार झाली. ब्रिटनमध्ये ते दोन आठवडे अग्रस्थानी राहिले, तर अमेरिकेत सलग तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर. गॉडली व क्रीम १९७६ मध्ये वाद्यवृंदातून बाहेर पडले. पुढे १९७९ मध्ये ‘जॉय डिव्हिजन’चा ‘अननोन प्लेझर्स’ हा सर्वस्वी वेगळ्या प्रकृतीचा संग्रहही स्ट्रॉबेरीतच मुद्रित झाला. १९९३ मध्ये तो स्टुडिओ बंद पडला.

ध्वनीचे नमुने साठवून ते पट्टीवर वाजवण्याचे काम पुढे संगणकाने सोपे केले, आणि तीन आठवड्यांची ती मेहनत आज काही तासांत उरकता येते. गीताच्या इतिहासात कवी, संगीतकार आणि गायक यांची नोंद आवर्जून होते. ज्या खोलीत, ज्या यंत्रांवर आणि ज्या मोकळिकीत गीताला अंतिम रूप आले, त्यांची नोंदही तितक्याच काळजीने व्हायला हवी, कारण स्टॉकपोर्टमधील त्या स्टुडिओवाचून हे गीत या रूपात निर्माण झालेच नसते.