सॉफ्टवेअरचा पुनर्वापर: सबरुटीनच्या संग्रहापासून प्रॉडक्ट लाइनपर्यंत

एकदा लिहिलेला प्रोग्रॅम पुन्हा वापरण्याची खटपट संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये सुरू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी त्यावर नेहमी लागणारी सबरुटीन, म्हणजे ठरावीक काम करणारे प्रोग्रॅमचे तुकडे, छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर तयार ठेवली. प्रोग्रॅम करणारा हवी ती पट्टी काढून तिची नक्कल आपल्या पट्टीवर उतरवून घेई.

१९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या परिषदेत बेल लॅब्जचे डग मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांचा उद्योगच उभारावा, असे सुचवले. साइन काढणारे रुटीनही वेग आणि अचूकतेनुसार अनेक प्रकारांत मिळावे, अशी त्यांची कल्पना होती. पण नुसते संग्रह वाढवून भागले नाही. एका कामासाठी लिहिलेला भाग दुसरीकडे सहसा चपखल बसत नसे. तो शोधून, समजून घेऊन बदलण्यापेक्षा नवा लिहिणे सोपे वाटे.

डेव्हिड पार्नास यांनी १९७६ मध्ये वेगळी वाट दाखवली: प्रोग्रॅमचे कुटुंब मानून आधी सर्वांमध्ये समान काय ते ठरवावे, मग फरकांकडे वळावे.

हा विचार मोठ्या प्रमाणावर अमलात आणला तो स्वीडनच्या सेल्सिअसटेक कंपनीने. १९८० च्या दशकाच्या मध्यास तिच्याकडे स्वीडिश आणि डॅनिश नौदलांच्या नौकांवरील प्रणालींची दोन मोठी कामे एकदमच आली. दोन स्वतंत्र प्रणाली लिहिण्याइतके मनुष्यबळ नव्हते. म्हणून अडा भाषेत 'शिप सिस्टिम २०००' हे एकच कुटुंब, म्हणजेच प्रॉडक्ट लाइन, रचले गेले. नौकेगणिक बदलणाऱ्या गोष्टी हजारो पॅरामीटरमध्ये ठेवल्या. नवी नौका आली की मुख्यतः त्यांची मूल्ये भरायची. पूर्वी प्रणालीच्या खर्चात हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरचे प्रमाण ३५:६५ होते, ते ८०:२० झाले.

आखणीविना पुनर्वापर केल्यास काय होते, ते ४ जून १९९६ रोजी एरियन-५ अग्निबाणाने दाखवले. एरियन-४ मधून घेतलेल्या दिशादर्शक सॉफ्टवेअरमध्ये आडव्या वेगाशी निगडित आकडा १६ बिटांत मावला नाही आणि उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच अग्निबाण नष्ट झाला. तो हिशेब जुन्या अग्निबाणाच्या मार्गाला चालणारा होता. नव्या मार्गासाठी तो तपासलाच गेला नव्हता. सामाईक भाग कोणत्या मर्यादेत चालतो, याची नोंद आणि प्रत्येक नव्या उत्पादनासाठी तिची पडताळणी हा म्हणूनच प्रॉडक्ट लाइनच्या कामाचा आवश्यक भाग ठरतो.