यंत्रांच्या बोलण्याचा करार



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकांच्या जाळ्यावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी इंजिनियर नव्हे. शाळा दहावीला सुटली. पुढचे सारे वाचून आणि विचारून. परंतु करार कसे होतात हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे, आणि आजचा विषय मुळात कराराचाच आहे.

संगणकांचे जाळे थराथरांनी रचलेले असते. खालचे थर ओझे वाहतात. आलेला मजकूर योग्य यंत्रापर्यंत पोचविणे एवढेच त्यांचे काम; त्याचा अर्थ त्यांना कळत नाही. माथाडीला पोत्यात गहू आहे की साखर याच्याशी कर्तव्य नसते, निदान त्याला तसे सांगण्यात येते. सर्वांत वरच्या थराला ॲप्लिकेशन लेयर म्हणतात. येथे दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात. आधी कोणी बोलावे, कोणत्या शब्दाला काय उत्तर द्यावे, बोलणे संपले हे कसे ओळखावे, याचे जे ठरलेले नियम त्यांना प्रोटोकॉल हे नाव आहे.

हे नियम ठरविले कोणी? १९६९ साली अमेरिकेत संरक्षण खात्याच्या पैशाने आर्पानेट हे जाळे उभे राहत होते. नियमांचा विचार काही विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडे आला. कोणी मोठी अधिकारी मंडळी येऊन सूत्रे हाती घेतील अशी त्यांची अपेक्षा होती. कोणी आले नाही. तेव्हा स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने ७ एप्रिल रोजी पहिले टिपण काढले. आपण हुकूम सोडतो आहोत असे कोणाला वाटू नये म्हणून त्याने टिपणांच्या मालिकेला नाव दिले ‘अभिप्रायार्थ विनंती’. आजही इंटरनेटचे नियम त्याच नावाखाली प्रसिद्ध होतात. मालकाने मसुदा या नावाने आमच्यापुढे ठेवल्याचे मला तरी आठवत नाही!

त्याच मालिकेत एप्रिल १९७१ मध्ये फाइल पाठविण्याच्या नियमांचा पहिला मसुदा आला. तो लिहिणारे अभय भूषण कानपूरच्या आय. आय. टी.च्या पहिल्या तुकडीतले. त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून शेजारच्या दुसऱ्या संगणकावर टपाल पाठविले. पुढे काही वर्षे हे टपाल फाइलींच्या नियमांतच पोटभाडेकरूसारखे राहिले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी त्याला स्वतंत्र घर बांधून दिले.

या घरातले बोलणे ऐकण्यासारखे आहे. टपाल घेणारे यंत्र प्रथम ‘२२०’ म्हणते, म्हणजे मी हजर आहे. पाठविणारे ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगते. आज्ञा चारच अक्षरांची हवी, म्हणून इंग्रजी ‘हॅलो’तला एक ‘एल’ गाळलेला. उत्तर ‘२५०’, ठीक आहे. मग पत्र कोणाकडून, कोणाला, हे सांगायचे. प्रत्येक वेळी ‘२५०’. तशी पेटीच नसेल तर ‘५५०’. ‘३५४’ म्हणजे आता मजकूर सांगा. शेवटी एका ओळीत एकटा पूर्णविराम आला की पत्र संपले.

पण या संवादात एक प्रश्न विचारलाच जात नाही. ‘पत्र अमक्याकडून’ असे सांगितले की समोरचे यंत्र ते खरे मानते. पुरावा मागत नाही. जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि प्रयोगशाळा, बहुतेक एकमेकांच्या ओळखीच्या. तेव्हा पुरावा कशाला?

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सभासदांना ईमेल गेला की उद्याची गेटसभा रद्द. खाली माझे नाव, वर माझाच पत्ता. मी तो पाठविला नव्हता. दीडशे माणसांची अपेक्षा होती, चाळीस आली. पुढचा महिनाभर मी घरोघर जाऊन ‘ते पत्र माझे नव्हे’ एवढेच सांगत होतो, आणि सगळ्यांना ते पटले असेही नाही. पाठविणारा अजून सापडलेला नाही.

उपाय झाले. आपल्या नावाने कोणती यंत्रे टपाल पाठवू शकतात याची यादी संस्थेने जाहीर करावी, असा नियम २००६ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी पत्रावर यंत्राची सही करण्याचा. परंतु ही कलमे मूळ कराराला बाहेरून जोडलेली आहेत. ती न पाळणाराही पत्र धाडू शकतो, ते घ्यायचे की टाकायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे. मूळ करार मोडून नवा लिहावा, तर लक्षावधी यंत्रांना एकाच दिवशी तो मान्य करायला लावणार कोण? आता यंत्रे ‘हेलो’ऐवजी ‘एहलो’ म्हणतात. तरी एखादे जुने यंत्र ‘हेलो’ म्हणालेच, तर नव्यानेही ‘२५०’ म्हणावे, असा नियम आहे.