दंशोत्तर लसीकरण (जुन्नर व आंबेगाव)

रेबीजचा विषाणू अंगात शिरल्याचा संशय येताच, लक्षणे दिसण्यापूर्वी टोचायच्या लशीचा उपचार. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत त्याला खास महत्त्व आहे. माणिकडोह, येडगाव, डिंभे या धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्याला आडोसा मिळाला आणि वस्तीवरची कुत्री त्याचे भक्ष्य झाली. भारतात रेबीज मुख्यतः कुत्र्यांतून पसरतो. पिसाळलेल्या कुत्र्याशी झटापट झालेल्या बिबट्यालाही तो होऊ शकतो. म्हणून बिबट्याचा चावा किंवा ओरखडा नुसते टाके घालून सोडून देता येत नाही.

हा विषाणू जखमेतील मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो आणि त्यात बहुधा काही आठवडे ते महिने जातात. लशीतला विषाणू मारलेला असतो. तो रोग करत नाही, पण त्याचे प्रथिन ओळखून पांढऱ्या पेशी प्रतिपिंडे बनवतात आणि स्मृतिपेशी मागे ठेवतात. प्रतिपिंडे पुरेशी होईपर्यंत साधारण ७ ते १४ दिवस लागतात. तेवढ्या काळासाठी जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, टोचतात. ती उसनी असतात, काही आठवड्यांत संपतात; टिकाऊ संरक्षण शरीर स्वतःच उभे करते. त्याआधी साबण-पाण्याने १५ मिनिटे जखम धुतल्याने विषाणूंची संख्याच घटते. चेहऱ्यावर वा मानेवर चावा असेल तर मेंदू जवळ असतो, म्हणून विलंब अधिक महागात पडतो.

‘बिबट्या पिसाळलेला नव्हता, मग इंजेक्शने कशाला?’ हा आक्षेप टिकत नाही. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवता येते. बिबट्या उसात दिसेनासा होतो, शिवाय हा नियम कुत्र्या-मांजरांपुरताच आहे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या जुन्या लशीच्या काळातली. ती लस भारतात कधीच बंद झाली. आता स्नायूत द्यायची लस दंडात ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी देतात. लस घेऊनही क्वचित मृत्यू होतात हे खरे. पण त्यांमागे बहुधा उशीर, न धुतलेली जखम किंवा वगळलेले इम्युनोग्लोब्युलिन आढळते. लस प्रतिपिंडांबरोबर स्मृतीही घडवते, याचा पुरावा उपचाराच्या नियमातच आहे: पूर्वी लशीचा पूर्ण क्रम घेतलेल्याला पुन्हा चावा झाल्यास ० व ३ या दिवशी दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.