पिवळे निशाण आणि परतीची बोट

वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह कसा सुरू झाला, हे या गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे साथ आली, घरामागून घर रिकामे होऊ लागले. तेव्हा गावकरी जांबावलीला दामोदराच्या पायाशी गेले, प्रसादाचे श्रीफळ घेऊन आले आणि अखंड भजनाला उभे राहिले. मुरगावचे बंदर आणि तिथून घाटावर जाणारी रेल्वे तेव्हा नवीनच होती. बंदर, साथ आणि देव या तिघांचे नाते आमच्या गावाला असे जुने आहे. म्हणून यंदाच्या अंकासाठी विषय शोधताना आम्ही फार लांब गेलो नाही. २०२० साली जगभरातल्या क्रूझ बोटी थांबल्या, आणि मग दोन वर्षे त्या ‘येतात, येतात’ म्हणत धरसोड करीत परत आल्या, त्याचा हा वृत्तांत. इतिहास म्हणावा तर घटना ताज्या आहेत. पण आमच्यातल्या बऱ्याच घरांनी त्या तारखा कालनिर्णयावर खुणा करून मोजलेल्या आहेत.

बोट आणि साथ यांचा संबंध मात्र ताजा नाही. १३७७ मध्ये ॲड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुसा शहराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवायचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस झाले, आणि चाळिसाला इटालियन भाषेत ‘क्वारान्ता’ म्हणतात, त्यावरून क्वारंटाइन. बंदरात शिरणारी बोट आजही पिवळे निशाण लावते. त्याचा आजचा अर्थ ‘आमच्या बोटीवर सगळे निरोगी आहेत, आत येऊ द्या’ असा आहे. परवानगी देणे न देणे मात्र बंदराच्या हाती.

मुंबईत १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघड झाला. त्यानंतर पुण्यात काय घडले, रँड कसा वागला आणि चापेकर बंधूंनी काय केले, हे आपण शाळेत शिकलो. त्याच प्लेगची समुद्रावरची बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मुंबईहून निघणारी बोट युरोपच्या बंदरांना नकोशी झाली, आणि १८९७ मध्ये व्हेनिसला खास याच प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी लागली. १९१८ च्या इन्फ्लुएंझातही तेच. जूनमध्ये मुंबईत जे पहिले पोलीस शिपाई आजारी पडले, त्यांच्यात गोदीवर पहाऱ्याला असलेला एक होता. ती साथ सैनिकांच्या बोटीतून आली, असा तेव्हाच्या आरोग्य खात्याचा अंदाज होता.

आता २०२०. ‘डायमंड प्रिन्सेस’ ही बोट २० जानेवारीला जपानच्या योकोहामाहून निघाली. तिच्यावरचा एक प्रवासी २५ तारखेला हाँगकाँगला उतरला आणि १ फेब्रुवारीला त्याला कोरोना असल्याचे कळले. ३ तारखेच्या रात्री बोट योकोहामाला परतली तेव्हा तिच्यावर २६६६ प्रवासी आणि १०४५ कर्मचारी होते. ५ तारखेपासून प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये राहायला सांगितले गेले. जेवण दाराशी येई, चादरी-टॉवेल दाराशी येत, औषधेही. ते आणणारे कोण? कर्मचारी. त्यांना क्वारंटाइन नव्हते, कारण त्यांना क्वारंटाइन करायचे तर प्रवाशांना जेवण कोण देणार? रात्री हीच माणसे बोटीच्या खालच्या मजल्यांवर, दोघा-तिघांच्या, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये झोपत आणि एकाच मेसमध्ये जेवत. कर्मचाऱ्यांमधल्या पहिल्या २० रुग्णांपैकी १५ जण खाण्यापिण्याच्या विभागातले निघाले, हे पुढे तपासात स्पष्ट झाले. एकूण ७१२ जणांना लागण झाली: ५६७ प्रवासी, १४५ कर्मचारी. चीनबाहेर तेव्हा एका जागी इतके रुग्ण दुसरीकडे कुठेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोजच्या तक्त्यात देशांच्या यादीखाली या बोटीसाठी वेगळी ओळ असे, कारण तिला आपल्या खात्यात धरायला कुणी राजी नव्हते.

या बोटीवर १३८ भारतीय होते. त्यांतले १३२ कर्मचारी, आणि प्रवासी फक्त सहा. आम्हाला हा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. क्रूझवर भारतीय माणूस प्रवासी म्हणून क्वचित दिसतो. तो असतो स्वयंपाकघरात, लाँड्रीत, टेबलामागे, इंजिनात. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या खास विमानाने ११९ भारतीय दिल्लीला आले. बाकीच्यांतले बहुतेक आजारी म्हणून तिथल्या इस्पितळांत राहिले.

मग बंदरांनी दारे लावायला सुरुवात केली. ‘वेस्टरडॅम’ला जपान, तैवान, फिलिपीन्स, ग्वाम आणि थायलंड अशा पाच ठिकाणी नकार मिळाला. शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने तिला घेतले, आणि खुद्द पंतप्रधान फुले घेऊन धक्क्यावर आले. ‘झांडाम’ दक्षिण अमेरिकेला वळसा घालत फिरत राहिली. एप्रिलमध्ये फ्लोरिडाला लागेपर्यंत तिच्यावर चार जण दगावले होते. १४ मार्चला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, आपल्या बंदरांतून क्रूझ सोडायला बंदी केली. इथे एक गंमत सांगायला हवी. गोव्यात बोटीवर जाणाऱ्याच्या घरी ‘सीडीसी’ म्हणजे खलाशाचे ते छोटे पुस्तक, ज्यावर शिक्का पडल्याशिवाय नोकरी नाही. त्या वर्षी आमच्या आयाबहिणींना अटलांटाची दुसरी सीडीसी कळली, आणि पहिल्या सीडीसीचे काय होणार हे दुसरीच ठरवणार, हेही कळले.

गोव्यातला तारवटी ही नवीन गोष्ट नव्हे. ब्रिटिशांच्या बोटींवर गोव्याचे आचारी, स्टुअर्ड आणि बटलर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपासून आहेत. बोट मिळेपर्यंत त्यांनी टेकायचे कुठे, तर मुंबईत धोबीतलावच्या बाजूला गावागावांच्या ‘कुडी’त: एक ट्रंक, एक चटई आणि भिंतीवर देवाचा फोटो. आजचा मुलगा विमानाने मायामीला जातो, एवढाच फरक. करार मात्र तसाच, सहा ते नऊ महिन्यांचा. बोटीवर आहे तोवर पगार, उतरला की पगार बंद. घराचा हप्ता, बहिणीचे लग्न, छपराची दुरुस्ती हे सगळे पुढच्या करारावर उभे असते. ‘क्रूझ कधी सुरू होणार’ हा प्रश्न फिरायला निघालेल्यांना सुट्टीचा वाटतो. वास्को, मडगाव, साळसेतच्या घरांत तो चुलीचा होता.

आधी तर घरी येणेच कठीण. मार्चच्या टाळेबंदीत भारताची बंदरे आपल्याच खलाशांनाही बंद झाली. मुंबईच्या समुद्रात ‘मारेला डिस्कव्हरी’ उभी होती, तिच्यावर दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी, त्यांत गोंयकार पुष्कळ. किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते आणि उतरायची परवानगी नव्हती. २१ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने खलाशांच्या चढ-उताराचे नियम काढले, तेव्हा २३ तारखेला ही मंडळी धक्क्यावर उतरली आणि तिथून पुन्हा क्वारंटाइनमध्ये गेली. त्यानंतर जूनच्या सुरुवातीला आमचा मांगोर हिलच कंटेनमेंट झोन झाला. बोटीवरून सुटून आलेला माणूस आपल्या आळीत पुन्हा केबिनमध्ये बसल्यासारखा बसला.

परतीचे पहिले प्रयत्न त्याच उन्हाळ्यात झाले, आणि बहुतेक फसले. नॉर्वेच्या ‘रोआल्ड आमुंडसेन’वर जुलैअखेर साथ पसरली, तिथल्या सरकारला पुन्हा बंदरे आवळावी लागली. १६ ऑगस्टला इटलीत जेनोआहून ‘एमएससी ग्रांदिओसा’ निघाली आणि ती मात्र टिकली. चढण्यापूर्वी तपासणी, गर्दीला मर्यादा, आणि गावात फिरायचे तर फक्त कंपनीच्या बसमधून, कंपनीच्या माणसाबरोबर. एक कुटुंब नेपल्सला आपल्या मर्जीने बाजूला गेले, तर त्यांना परत बोटीवर घेतले नाही. नोव्हेंबरात कॅरिबियन समुद्रात पहिली परतलेली छोटी बोट ‘सीड्रीम १’ रुग्ण सापडल्यामुळे पहिल्याच फेरीत फिरली. सिंगापूरने आणखी सावध युक्ती काढली: कुठल्याच बंदराला न जाता समुद्रात चक्कर मारून त्याच बंदरात परत यायचे. डिसेंबरात अशा एका फेरीवर ८३ वर्षांच्या आजोबांचा अहवाल पॉझिटिव्ह आला. दीड हजाराहून अधिक प्रवाशांना केबिनमध्ये बसवून बोट एक दिवस आधी माघारी आणली. फेरतपासणीत आजोबांना काहीच नव्हते! पण चूक मान्य करूनही सिंगापूरचे आम्हाला कौतुकच वाटते. योकोहामाच्या वेळी अशी घाई केली असती तर फार लोक वाचले असते.

अमेरिकेची बंदी तीनदा वाढली. ३० ऑक्टोबर २०२० ला तिच्या जागी अटींचा नवा आदेश आला: आधी कर्मचाऱ्यांच्या तपासण्या, मग स्वयंसेवक घेऊन सरावाच्या फेऱ्या, मग प्रमाणपत्र, आणि मग खरे प्रवासी. फ्लोरिडा राज्य याविरुद्ध कोर्टात गेले, आणि जून २०२१ मध्ये निकाल राज्याच्या बाजूने लागला. एकीकडे कंपन्या ‘लस घेतलेल्यांनाच घेऊ’ म्हणत होत्या, तर दुसरीकडे त्याच राज्याने लशीचा दाखला मागायलाच कायद्याने मनाई केली होती. या भांडणात २६ जूनला ‘सेलेब्रिटी एज’ फोर्ट लॉडरडेलहून निघाली. पैसे भरलेले प्रवासी घेऊन अमेरिकेतून सुटलेली पंधरा महिन्यांतली ही पहिली मोठी क्रूझ.

इकडे गोव्यात त्याच वेळी वेगळीच धावपळ चालली होती. कोविशिल्डच्या दोन मात्रांत ८४ दिवसांचे अंतर होते. कंपनीचे बोलावणे आले, तिकीट आले, आणि दुसरी मात्रा दीड महिना लांब! जूनमध्ये केंद्राने परदेशी नोकरीवर जाणाऱ्यांना २८ दिवसांनी दुसरी मात्रा घ्यायला मुभा दिली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली होती त्यांची पंचाईत अधिक मोठी. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ रोजी. केंद्रावर त्या दिवशी जी लस होती ती टोचून घेतली, एवढ्याशा योगायोगावर एखाद्याचे अर्धे वर्ष गेले. आमच्या ओळखीतल्या एकाने तेवढे महिने म्हापशाच्या बाजारात मासळीचा टेम्पो चालवला. तोही चांगला चालवला, असे त्याची आई आवर्जून सांगते.

सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून ‘कॉर्डेलिया’ कंपनीची ‘एम्प्रेस’ सुरू झाली आणि मुरगावच्या धक्क्याला पुन्हा क्रूझ लागू लागली. टॅक्सीवाल्यांनी हुश्श केले. पण नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, ओमिक्रॉनच्या लाटेत, हीच बोट मुंबईहून इथे आली तेव्हा एका कर्मचाऱ्याला लागण झालेली होती. सुमारे दोन हजार जणांची तपासणी झाली, ३ जानेवारीला ६६ जण पॉझिटिव्ह निघाले. प्रवाशांना उतरू दिले नाही आणि बोट मुंबईला परत गेली. त्या दिवशी गावात दोन मते होती. ‘गोव्याने बरोबर केले’ म्हणणारे बहुसंख्य. आणि ज्यांचा मुलगा वा नवरा कुठल्या तरी बोटीवर होता, ती माणसे गप्प होती. कंबोडियाने फुले दिली ते त्यांनी टीव्हीवर पाहिले होते, आणि बाकीच्या पाच ठिकाणांचे काय झाले तेही.

अमेरिकेने ३० डिसेंबरला ‘लस घेतली असली तरी क्रूझ टाळा’ असे सांगितले होते. तो इशारा ३० मार्च २०२२ ला मागे घेतला. त्यानंतर भरतीच्या मुलाखतींना रांगा लागल्या. वैद्यकीय तपासणी, पीतज्वराच्या लशीचे कार्ड, जुन्या सीडीसीचे नूतनीकरण.

२०२० च्या चवथीला आमच्या आळीतले सगळे पुरुष घरी होते. माटोळी बांधायला हात कमी पडले नाहीत. मखर वेळेआधी तयार झाले. बायका मात्र करंज्या मोजून करीत होत्या. यंदा माटोळी शेजारच्या मुलांना बोलावून बांधावी लागली. आरतीच्या वेळी दोन घरांतून फोन समोर धरलेला होता: एक बोट बार्सेलोनाला, दुसरी अलास्काकडे निघालेली. अलास्कावाल्याला रेंज मिळाली ती मंत्रपुष्पांजलीच्या वेळी.