करवानीची वंशावळ

सोलापूर, विजापूर, मुधोळ या पट्ट्यातला करवानी हा मुळात वाटेवरचा कुत्रा. लमाण-बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खन तुडवत, तेव्हा रात्री मालाची राखण करायची आणि दिवसा ससा धरायचा, हे त्याचं काम. 1860 मध्ये सोलापुरात रेल्वे आली आणि बैलांवरची वाहतूक मोडत गेली. कुत्रा मात्र धनगरांच्या वाड्यांवर, शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर टिकला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी निवडक नर-माद्या जोपासून त्याला दरबारी मान मिळवून दिला. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची 1991 ची दुरुस्ती यांनी सशाची शिकार बंद केली. ते योग्यच झालं, पण त्याबरोबर धावण्याची जुनी कसोटीही गेली. आता करवानीचं मोल पिल्लांच्या बाजारात आणि प्रदर्शनात ठरतं. तिथे नाव कमावलेल्या एकाच नराकडे गावोगावच्या माद्या जातात. जातिवंत कुत्र्यांमध्ये आनुवंशिक मज्जाविकार शिरतो तो बहुधा याच वाटेने. म्हणून आजार डोळ्यांना दिसण्याची वाट न पाहता वंशावळ लिहायला घेतली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

याला सर्वात जवळचा पुरावा ग्रेहाऊंडचा, कारण तोही करवानीसारखाच नजरेने सावज हेरून धावणारा. युरोपातल्या प्रदर्शनी ग्रेहाऊंडांच्या काही वितींत पिल्लं तीन ते नऊ महिन्यांची होताच लवकर थकू लागत, सशासारखी दोन्ही मागचे पाय जोडून उड्या मारत चालत, त्यांचे स्नायू झिजत आणि भुंकण्याचा आवाजही बदलत असे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फक्त 7 आजारी आणि 17 निरोगी नातेवाईक कुत्र्यांच्या जनुकीय तुलनेतून दोष सापडला: एनडीआरजी1 या जनुकातली दहा अक्षरं गळाली होती. याच जनुकातल्या बिघाडाने माणसांच्या नसाही झिजतात, हे त्याआधी दहा वर्षं बल्गेरियातल्या रोमा कुटुंबांत दिसलं होतं. एवढ्या थोड्या कुत्र्यांवरून एवढं नेमकं उत्तर मिळालं, याचं श्रेय यंत्रांइतकंच वंशावळीच्या कागदांना आहे. सगळ्या आजारी पिल्लांची नाती मागे नेली, तेव्हा ती एकाच नराशी जाऊन मिळाली.

यावर जाणती माणसं म्हणतील की आमच्याकडे दुबळं पिल्लू जगतच नाही, माळरानच त्याची निवड करतं. या म्हणण्यात तथ्य आहे. लुळ्या पायांचा कुत्रा सशामागे धावला नसता आणि त्याची वीणही पुढे गेली नसती. पण ग्रेहाऊंडचा दोष सुप्त आहे. दोषाची एकच प्रत असलेला वाहक तितकाच जोरात पळतो, तितकाच देखणा दिसतो, आणि त्याची निम्मी पिल्लं वाहक निघतात. अशा नराच्या दोन वेगळ्या माद्यांपासूनच्या मुलामुलीची जोडी लावली, तर आजारी पिल्लाची शक्यता सोळात एक. पाच-सात पिल्लांच्या वितीत ते एक जन्मलंच नाही तर कुणाला शंकाही येत नाही. आणि जन्मलं तरी त्याचे पाय लुळे पडल्याचं खापर गोचिडावर, पडझडीवर किंवा डिस्टेंपरवर फुटतं. डिस्टेंपरमध्येही झटके येतात, पाय लुळे पडतात, त्यामुळे एकट्या पिल्लाकडे पाहून निदान होत नाही. एकाच आईबापांची पिल्लं वेगवेगळ्या वितींत एकाच वयाला आजारी पडली, हे कुठेतरी लिहिलेलं असेल तरच आनुवंशिक कारणाचा संशय येतो.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. परदेशी जातींची दुर्दशा बंद नोंदवह्यांनीच केली, मग तेच खूळ इथे कशाला आणायचं? खरं आहे. नोंदवहीत नसलेल्या कुत्र्याशी जोडी लावायची नाही, या नियमाने रक्त आटत गेलं. पण घातक ठरला तो वही बंद करण्याचा नियम. लिहिणं घातक नव्हतं. बॉर्डर कॉली या मेंढपाळी जातीत मेंदू झिजवणाऱ्या आजाराचा दोष 2005 मध्ये सिडनीत सापडला. त्यानंतर वाहक कुत्र्यांना जातीबाहेर काढावं लागलं नाही. त्यांची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली की पिल्लू आजारी निपजत नाही आणि जातीतली विविधताही राहते. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. एकाच कुत्र्याला एक श्वानसंस्था कारवान म्हणते, दुसरी मुधोळ. त्यावर संशोधन करणारं केंद्र मुधोळजवळ तिम्मापूरला, म्हणजे कर्नाटकात, आणि सोलापूर-लातूरकडची कुत्री सीमेच्या अलीकडे. वंशावळ अशी दोन वह्यांत आणि दोन राज्यांत विभागली, तर समान पूर्वज शोधायचा कुठे?

सुरुवात रेबीजच्या लसीकरणापासून करता येईल, कारण तेव्हा कुत्रा पशुवैद्याच्या हाताखाली येतोच. लसीच्या कार्डावर आई, बाप, वितीची तारीख आणि गाव लिहायचं, मालकाच्या संमतीने रक्ताचा थेंब कागदावर घेऊन जपायचा, आणि दगावलेल्या पिल्लाचं वय व लक्षणं यांची नोंद ठेवायची. सोलापूर आणि तिम्मापूर या दोन्हीकडे ही माहिती एकाच नमुन्यात ठेवावी, आणि कागद नसलेला पण अंगाने खरा करवानी वस्तीवर सापडला तर त्यालाही वहीत पान मिळावं.